जपानमध्ये फिरायचे कसे? रेल्वे पास, सुटी तिकिटे की भाड्याची गाडी

चांदणवेल

नमस्कार. येत्या नोव्हेंबरमध्ये, झाडांची पाने रंग बदलतात त्या सुमारास, आम्ही चौघे पंधरा दिवसांसाठी जपानला जाण्याचे ठरवत आहोत : आम्ही दोघे, माझ्या सासूबाई (वय ७३) आणि आमची पाच वर्षांची मुलगी. सासूबाईंची प्रकृती उत्तम आहे, परंतु गुडघ्यांमुळे त्यांना सलग वीस-पंचवीस मिनिटांपेक्षा जास्त चालवत नाही आणि जिना उतरताना तर फारच त्रास होतो. ही सहल मुख्यतः त्यांच्यासाठीच आहे, कारण जपान पाहण्याची त्यांची इच्छा आमच्या लग्नाच्याही आधीपासूनची आहे.

सध्याचा आराखडा असा आहे : टोकियोत चार दिवस, मग क्योतोत पाच दिवस, तेथून हिरोशिमा आणि त्याजवळचे मियाजिमा बेट, आणि शेवटी विमानासाठी पुन्हा टोकियो. जमल्यास ताकायामा आणि शिराकावा-गो हेही पाहायचे आहे, पण ते कोठे बसवावे हे सुचलेले नाही. विमानाची तिकिटे अजून काढलेली नाहीत.

अडचण आहे ती देशांतर्गत प्रवासाची. ज्यांच्याशी बोलावे तो प्रत्येक जण सर्वप्रथम सात दिवसांचा रेल्वे पास (त्या दिवसांत हवा तितका रेल्वेप्रवास करू देणारा) काढायला सांगतो. माझ्या यजमानांना गाडी चालवण्याची आवड आहे आणि जपानमध्येही वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे गाडी भाड्याने घ्यावी असे त्यांचे मत आहे. मला दोन्हींबद्दल खात्री वाटत नाही. केवळ पैशांचा नव्हे, तर सासूबाईंच्या पायांचा आणि मुलीच्या झोपेचा विचार करून काय निवडावे, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

वाटाड्या

चांदणवेल, पासाबद्दलचा तो सल्ला एके काळी अगदी बरोबर होता, म्हणूनच तो अजून तोंडोतोंडी चालू आहे. सात दिवसांचा साधा पास पूर्वी २९,६५० येनांना मिळत असे. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याची किंमत एकदम ५०,००० येन झाली आणि सगळे गणितच बदलले.

तुमच्या मूळ आराखड्यावरच आकडेमोड करून पाहू. टोकियो ते क्योतो आरक्षित आसनाचे भाडे सुमारे १४,००० येन, क्योतो ते हिरोशिमा सुमारे ११,५०० आणि हिरोशिमा ते टोकियो सुमारे १९,५००. म्हणजे तीनही लांब टप्प्यांची सुटी तिकिटे काढली तरी माणशी ४५,००० येनांच्या आसपास बेरीज येते. पासाहून ती कमीच. शिवाय पासाचे सात दिवस सलग मोजले जातात. पाच दिवस क्योतोत राहून मग हिरोशिमा करायचे म्हटले, तर पहिला आणि शेवटचा टप्पा एकाच आठवड्यात बसवताना तुमची दमछाक होईल.

पासाची आणखी एक बाजू किमतीच्या चर्चेत हरवते. तोकाइदो मार्गावर, म्हणजे टोकियो ते शिन-ओसाका, तीन प्रकारच्या शिनकानसेन, म्हणजे अतिवेगवान गाड्या, धावतात : मोजक्याच स्थानकांवर थांबणारी नोझोमी, थोडी अधिक थांबणारी हिकारी आणि प्रत्येक स्थानकावर थांबणारी कोदामा. नोझोमी गर्दीच्या वेळी तासाला बारापर्यंतही असतात, हिकारी मात्र तासाला साधारण दोनच. पास घेतला तर नोझोमीसाठी वेगळे पैसे भरावे लागतात (टोकियो-क्योतोसाठी ४,९६० येन), नाहीतर हिकारीने जावे लागते. क्योतोपर्यंत त्याने फारसे बिघडत नाही. परंतु टोकियो आणि हिरोशिमा यांच्यादरम्यान थेट जाणारी गाडी ही नोझोमीच असते. हिकारीने जाणाऱ्याला शिन-ओसाका किंवा शिन-कोबे येथे उतरून गाडी बदलावी लागते. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी एक फलाट वाचणे ही मोठी गोष्ट आहे.

मुलीविषयी : सहा वर्षांखालील मुलाला मोठ्या माणसासोबत तिकीट लागत नाही, पण मांडीवर न घेता त्याच्यासाठी वेगळे आरक्षित आसन हवे असेल तर निम्मे भाडे भरावे लागते. लांबच्या टप्प्यांना ते अवश्य भरा.

हे सारे मी अनुभवावरून लिहीत आहे. पासाची किंमत वाढण्यापूर्वी मी वडिलांना घेऊन जपानला गेलो होतो आणि पास हाती आल्यावर तो पुरेपूर वसूल करायचाच असे मनाशी ठरवले. सहा दिवसांत पाच शहरे झाली. सहाव्या दिवशी हिमेजीच्या किल्ल्याच्या पायथ्याशी वडील बाकावर बसले आणि म्हणाले, "तू पाहून ये, मी येथेच थांबतो." त्यांना तो किल्ला पाहायचा होता, मला ठाऊक होते. पास नसता तर आम्ही त्या दिवशी क्योतोतच थांबलो असतो आणि दुसऱ्या दिवशी ताज्या पायांनी हिमेजीला गेलो असतो. आधी मुक्काम ठरवा, नंतर प्रत्येक टप्प्याचे वाहन ठरवा. आधी पास घेतला की मुक्काम आपोआप त्याच्या सोयीने ठरू लागतात.

केतकीबन

वाटाड्या यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे, पण चांदणवेल, तिकिटांच्याही आधी तुम्ही सामानाचा विचार करावा असे मला वाटते. जपानमधील रेल्वेप्रवासाचा खरा शीण गाडीत होत नाही, तो स्थानकात होतो. टोकियो किंवा शिंजुकूसारख्या स्थानकात एका मार्गावरून दुसऱ्यावर जायला दहा-पंधरा मिनिटे सहज लागतात. लिफ्ट जवळजवळ सगळीकडे असते, मात्र ती फलाटाच्या एका टोकाला असते आणि आपण नेमके दुसऱ्या टोकाला उतरलेलो असतो. एका हाताने मोठी बॅग ओढत, दुसऱ्या हाताने मुलीला धरून, सासूबाईंकडे लक्ष ठेवायचे, हे दर दोन दिवसांनी करावे लागले तर सहलीतील आनंद निघून जातो.

बॅगेची लांबी, रुंदी आणि उंची यांची बेरीज १६० सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल, तर तोकाइदो, सान्यो (शिन-ओसाकाहून पुढे हिरोशिमाकडे जाणारी) आणि क्यूशू शिनकानसेनमध्ये डब्याच्या शेवटच्या रांगेतील, मागे सामानाची जागा असलेले आसन आधी आरक्षित करावे लागते. त्याला वेगळे पैसे पडत नाहीत. आरक्षण न करता तशी बॅग आणली तर १,००० येन भरावे लागतात. विमान कंपन्यांची नेहमीची मर्यादा १५८ सेंटिमीटर असल्यामुळे बहुतेक बॅगा यातून सुटतात, तरी घरीच मोजपट्टी लावून पाहणे चांगले. अर्थात, नियमातून सुटलेली बॅगही डोक्यावरच्या फळीवर कोणीतरी उचलून ठेवावीच लागते.

यावर जपानमध्ये फार सुंदर उपाय आहे, तो म्हणजे ताक्क्यूबिन. यामातो कंपनीने १९७६ साली ही घरपोच सेवा सुरू केली. पिवळ्या पार्श्वभूमीवर पिल्लाला तोंडात धरून नेणारी काळी मांजर ही तिची खूण. हॉटेलच्या स्वागतकक्षात अर्ज भरून बॅग द्यायची, पुढच्या हॉटेलचे नाव, पत्ता आणि पोहोचण्याची तारीख लिहायची. मोठ्या शहरांदरम्यान ती बहुधा दुसऱ्या दिवशी पोहोचलेली असते. आकार आणि अंतर यांप्रमाणे एका मोठ्या बॅगेला साधारण दोन ते तीन हजार येन लागतात. हा खर्च मी प्रवासखर्चातच धरते.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. माझ्या आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या चुकून पुढे पाठवलेल्या बॅगेत राहिल्या आणि ती रात्र आम्ही डोंगरातल्या एका लहान गावी काढली. सकाळी दवाखाना उघडेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. बॅग स्वागतकक्षात देण्यापूर्वी औषधांची पिशवी, पासपोर्ट आणि दोन दिवसांचे कपडे प्रत्यक्ष हातात घेऊन पाहा. नुसत्या आठवणीवर विसंबू नका.

घाटरस्ता

येथे सर्वांचा कल रेल्वेकडे दिसतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. मी जपानमध्ये तीन वेळा गाडी चालवली आहे आणि वयस्कर माणसे बरोबर असताना गाडीसारखे सुख नाही, असे माझे मत आहे. दारातून बसायचे, दारात उतरायचे, वाटेत हवे तेथे थांबायचे. रस्ते उत्तम आहेत, चालक शिस्तीचे आहेत, महामार्गावरच्या विश्रांतिस्थळांची स्वच्छतागृहे तर नमुनेदार आहेत.

परवान्याची बाब आधी स्पष्ट करतो. जपान फक्त १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार दिलेला आंतरराष्ट्रीय वाहनचालक परवाना मान्य करतो. भारत त्या करारात आहे, त्यामुळे आपला परवाना चालतो. पण तो कागदी पुस्तिकेच्या रूपात, मूळ परवान्यासह जवळ हवा. भ्रमणध्वनीवरील छायाचित्र चालत नाही. सहा वर्षांखालील मुलासाठी बालआसन कायद्याने सक्तीचे आहे आणि ते गाडीबरोबरच आरक्षित करावे लागते. रेल्वे फाटक उघडे असले, दूरवर गाडीचा मागमूस नसला, तरी फाटकाआधी चाके पूर्ण थांबवून मगच पुढे जायचे. उलट्या लाल त्रिकोणाची पाटी दिसली की तेथेही पूर्ण थांबायचे. सवय नसलेल्याकडून हे दोन नियम हमखास मोडले जातात.

गाडीतल्या मार्गदर्शक यंत्रात जपानी पत्ता भरणे अवघड जाते, पण त्यात हॉटेलचा दूरध्वनी क्रमांक टाकला की ते थेट जागा दाखवते. डोंगरातल्या जागांसाठी मॅपकोड नावाचा अंकांचा संकेत वापरतात. पेट्रोल भरताना लाल नळी साध्या पेट्रोलची, पिवळी उच्च प्रतीच्या पेट्रोलची आणि हिरवी डिझेलची, हे पक्के ध्यानात ठेवावे, कारण डिझेलसाठी हिरवा रंग असेल हे आपल्या मनातही येत नाही.

ताकायामा, शिराकावा-गो, गोकायामा आणि कानाझावा हा पट्टा गाडीने करावा असे मी सुचवेन. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात रस्त्यांवर सहसा बर्फ नसतो आणि त्या दऱ्यांमधले रंग गाडीच्या काचेतून जसे दिसतात तसे कोठूनही दिसत नाहीत.

वाटाड्या

घाटरस्ता, तुमच्या तपशिलांबद्दल आभार. फाटकाचा नियम मलाही ठाऊक नव्हता. तथापि टोकियो ते क्योतो या मुख्य अक्षावर गाडीचा विचार करू नये, एवढे मी आग्रहाने सांगेन. नोझोमीने सव्वादोन तासांत होणाऱ्या या प्रवासाला रस्त्याने सहा तास सहज लागतात, टोलच दहा हजार येनांच्या घरात जातो, आणि क्योतोत पोहोचल्यावर ती गाडी उभी कोठे करायची हा प्रश्न रोज सकाळी नव्याने पडतो. तेथील लहान वाहनतळांवर गाडी लावली की काही मिनिटांत तिच्या पोटाखाली लोखंडी पट्टी वर येते आणि यंत्रात जागेचा क्रमांक टाकून पैसे भरेपर्यंत ती खाली जात नाही. शहरात दिवसातून चार ठिकाणे पाहायची तर हा सोपस्कार चार वेळा करावा लागतो.

डोंगराळ भागाबद्दल मात्र तुमचे म्हणणे मान्य आहे. एकच शंका आहे : एका शहरात गाडी घेऊन दुसऱ्या शहरात परत केली तर वेगळा आकार पडतो, आणि तो कधीकधी भाड्याइतकाच होतो. तुम्ही ते कसे बसवले?

घाटरस्ता

मी गाडी ताकायामालाच घेऊन ताकायामालाच परत केली. सकाळी निघून शिराकावा-गो आणि गोकायामा पाहून संध्याकाळी परत आलो. शहरांमधले अंतर रेल्वेने कापावे हे मलाही मान्य आहे.

सहप्रवासी

चांदणवेल, विमानाची तिकिटे अजून काढलेली नाहीत असे तुम्ही लिहिले आहे. माझ्या मते तुमच्या संपूर्ण प्रश्नाचे उत्तर त्या वाक्यात दडलेले आहे.

तुमच्या आराखड्यातला सर्वांत लांब आणि सर्वांत महाग टप्पा हिरोशिमा ते टोकियो हा आहे, आणि तेथे पाहण्यासारखे जे काही ते सारे तुम्ही आधीच पाहिलेले असेल. त्या टप्प्याचे प्रयोजन केवळ विमान गाठणे एवढेच आहे. त्याऐवजी टोकियोला उतरून परतीचे विमान ओसाकाजवळच्या कान्साइ विमानतळावरून धरता आले तर? समुद्रात भराव घालून उभारलेला हा विमानतळ १९९४ पासून सुरू आहे आणि क्योतोहून हारुका नावाची थेट गाडी साधारण सव्वा तासात तेथे पोहोचवते. जाण्याचे एक शहर आणि परतीचे दुसरे, अशी तिकिटे एकाच आरक्षणात काढली तर ती नेहमीच्या परतीच्या तिकिटांच्या आसपासच पडतात, असा माझा तरी अनुभव आहे.

असे केले की तुमचा मार्ग एकाच दिशेने जाणारा होतो आणि ताकायामाही आपोआप त्यात बसते. टोकियोहून होकुरिकू शिनकानसेनने तोयामापर्यंत दोन तास दहा मिनिटे, तेथून हिदा नावाच्या गाडीने सुमारे दीड तासात ताकायामा. ताकायामाहून हिदानेच सव्वादोन तासांत नागोया, आणि नागोयाहून शिनकानसेनने अर्ध्या-पाऊण तासात क्योतो. कोठेही मागे वळणे नाही. तोयामाच्या बाजूला हिदाच्या थेट गाड्या दिवसातून मोजक्याच असतात, म्हणून वेळापत्रक आधी पाहून मगच शिनकानसेनचे आरक्षण करा.

मग हिरोशिमा राहते. ते क्योतोहून एका दिवसात करता येते, किंवा सासूबाईंसाठी एक रात्र मुक्काम करून अधिक सुखाने. त्यासाठी पश्चिम जपान रेल्वेचा पाच दिवसांचा कान्साइ-हिरोशिमा पास पाहावा. त्याची किंमत १७,००० येनांच्या आसपास आहे, तर क्योतो-हिरोशिमा जाण्यायेण्याचेच २३,००० होतात. शिवाय मियाजिमाची रेल्वेची बोट आणि विमानतळाला जाणारी हारुका त्यात येते. एक खाचखळगा आहे. १९८७ साली जपानच्या राष्ट्रीय रेल्वेचे विभाजन होऊन प्रवासी वाहतुकीच्या सहा कंपन्या झाल्या. तोकाइदो शिनकानसेन मध्य जपान कंपनीकडे गेली आणि सान्यो शिनकानसेन पश्चिम जपान कंपनीकडे. त्यामुळे हा पास क्योतो ते शिन-ओसाका या तुकड्यावर शिनकानसेनमध्ये चालत नाही. तेवढे अंतर साध्या जलद गाडीने अर्ध्या तासात जायचे आणि शिन-ओसाकाला शिनकानसेन धरायची. म्हणजे येथे पैसे वाचतात, पण एक फलाट वाढतो. सासूबाईंना विचारूनच ठरवा.

चांदणवेल

सर्वांचे मनापासून आभार. सहप्रवासी, तुमचा प्रतिसाद वाचून आम्ही दोघे बराच वेळ नकाशा पुढे घेऊन बसलो होतो. विमान सोडून बाकी सगळ्याचा खल आम्ही करत होतो, आणि गाठ नेमकी तेथेच होती. कालच टोकियोला जाण्याची आणि कान्साइहून परतण्याची तिकिटे काढली.

गाडीबाबत घरात बरीच चर्चा झाली. शेवटी यजमानांनीच सांगितले की त्या दऱ्या त्यांना स्वतःला पाहायच्या आहेत, आणि वळणावळणाच्या अनोळखी रस्त्यावर चालकाचे लक्ष रस्त्यावरच राहते. त्यामुळे शिराकावा-गोला बसने जायचे ठरले आहे. ताकायामाच्या रेल्वे स्थानकाला लागूनच बसस्थानक आहे आणि प्रवास पन्नास मिनिटांचा आहे असे समजले.

हिरोशिमाला एक रात्र मुक्काम ठेवला आहे. सासूबाईंना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "फलाट एक जास्त असला तरी चालेल, पण मध्ये बसायला वेळ ठेवा." म्हणून पास घेणार आहोत, आणि शिन-ओसाकाला गाडी बदलण्यासाठी चाळीस मिनिटे ठेवली आहेत.

आता शहरांतर्गत प्रवासाचे सांगावे. क्योतोमध्ये बसना फार गर्दी असते असे वाचले आहे.

केतकीबन

विमानतळावर उतरल्यावर प्रत्येक मोठ्या माणसासाठी एकेक सुइका किंवा पास्मो कार्ड घ्या; ही आधी पैसे भरून ठेवायची प्रवासाची कार्डे आहेत. ओसाका-क्योतोकडे मिळणारे इकोकाही तसेच. २०१३ पासून ही कार्डे एकमेकांच्या क्षेत्रात चालतात, त्यामुळे टोकियोत घेतलेले कार्ड क्योतोच्या बसमध्येही वापरता येते. प्रवेशद्वारावर टेकवून आत जायचे, बाहेर पडताना पुन्हा टेकवायचे. मात्र टोकियोच्या क्षेत्रात आत शिरून नागोयाच्या क्षेत्रात बाहेर पडता येत नाही. लांबच्या प्रवासाला वेगळे तिकीटच लागते. मुलगी सहाच्या आतली असल्याने तिला कार्डाची गरज नाही.

क्योतोतील शहर बसचे भाडे २३० येन एकसारखे आहे आणि ती सर्वत्र जाते, हेच तिच्या गर्दीचे कारण आहे. नोव्हेंबरात कियोमिझु मंदिराकडे जाणाऱ्या बसमध्ये सासूबाईंना उभे राहावे लागेल, असे गृहीत धरूनच आखणी करा. फुशिमी इनारीला बसने जाऊच नका. क्योतो स्थानकाहून नारा मार्गावरच्या साध्या गाडीने दुसरेच स्थानक इनारी आहे आणि मंदिराचे द्वार स्थानकासमोरच आहे. कियोमिझुसाठी सरळ टॅक्सी करा, कारण शेवटचा चढ पायी चढणे त्यांना झेपणार नाही. तुम्ही चौघेच असल्याने एका टॅक्सीत मावता, आणि भाडे चौघांत विभागले की ते बसच्या तुलनेत फार वाटत नाही. टॅक्सीत बालआसनाची सक्ती नाही. मागचे दार चालक आतूनच उघडतो आणि लावतो, त्याला हात लावायचा नसतो.

एखादी सकाळ ओहारासाठी ठेवता आली तर पाहा. ते क्योतोच्या उत्तरेचे डोंगरातले खेडे आहे, क्योतो स्थानकाहून बसने तासाभराच्या अंतरावर. जाताना मूळ थांब्यावरूनच बसा म्हणजे बसायला जागा मिळेल.

दूरदेशी

विषयाला जोडूनच विचारतो. आम्हाला होक्काइदोला जायचे आहे. तेथेही हाच हिशेब लागू पडतो का?

घाटरस्ता

दूरदेशी, होक्काइदो आणि ओकिनावा यांचा हिशेब निराळा आहे. ओकिनावात रेल्वे म्हणजे नाहा शहर आणि त्याच्या लगतच्या भागापुरती मोनोरेल. बाकी बेट गाडीशिवाय नीट पाहता येत नाही. होक्काइदोत अंतरे मोठी आणि गाड्या विरळ आहेत. शिनकानसेन २०१६ पासून सेइकान बोगद्यातून शिन-हाकोदाते-होकुतोपर्यंत जाते, पण तेथून साप्पोरोला आणखी साडेतीन तास लागतात, म्हणून टोकियोहून विमानानेच जावे. उन्हाळ्यात तेथे गाडी चालवण्यासारखा आनंद नाही. बर्फाचा अनुभव नसेल तर हिवाळ्यात मात्र मी ती अजिबात सुचवणार नाही. गोठलेल्या रस्त्यावर ब्रेक दाबल्यावर गाडी थांबत नाही हे मी स्वतः अनुभवले आहे आणि त्या वेळी समोर कोणी नव्हते, एवढेच आमचे भाग्य.

चांदणवेल

आम्ही गेल्या आठवड्यात परत आलो. ज्यांनी वेळ काढून लिहिले त्यांना प्रवास कसा झाला हे कळवणे माझे कर्तव्य आहे.

तीन मोठ्या बॅगा टोकियोच्या हॉटेलातून थेट क्योतोला पाठवल्या आणि ताकायामाला खांद्यावरच्या पिशव्या घेऊन गेलो. केतकीबन, अर्ज भरण्याआधी मी औषधांची पिशवी हातात घेऊन पाहिली, आणि ती खरोखरच बॅगेच्या आतल्या कप्प्यात गेलेली होती. तुम्ही लिहिले नसते तर ती क्योतोला पोहोचली असती.

तोयामाहून ताकायामाकडे जाणारी हिदा नदीच्या काठाकाठाने चढत जाते. डब्यात फारशी माणसे नव्हती. सासूबाई एकदा डाव्या खिडकीशी बसत, एकदा उजव्या, आणि बोगदा आला की डोळे मिटून घेत, म्हणजे बाहेर पडल्यावर रंग नव्याने दिसतात असे त्यांचे म्हणणे होते. शिराकावा-गोच्या बसमध्ये यजमान पन्नास मिनिटे खिडकीबाहेर पाहत होते. बस घेतल्याबद्दल त्यांना एकदाही वाईट वाटले नाही. गोकायामा मात्र राहून गेले. ते घाटरस्ता यांच्यासारखे गाडीनेच करावे.

शिन-ओसाकाला चाळीस मिनिटे ठेवली होती ती पुरेपूर लागली. लिफ्ट शोधण्यात दहा मिनिटे गेली, स्वच्छतागृहात दहा, आणि उरलेल्या वेळात सासूबाई फलाटावर बसल्या. वीस मिनिटे ठेवली असती तर धावावे लागले असते.

क्योतोत दोन वेळा आम्ही गर्दी पाहून बस सोडून दिली आणि टॅक्सी केली. हा खर्च आधी धरलेला असल्यामुळे त्या वेळी मनात हिशेब करावा लागला नाही, हे फार बरे झाले.

ओहाराला गेलो ती सकाळ सर्वांना सर्वाधिक आवडली. त्या बसमध्ये मागच्या दाराने चढायचे असते आणि दाराशीच एका यंत्रातून क्रमांकाची लहानशी चिठ्ठी निघते. तिला सेइरिकेन म्हणतात. आम्ही कार्डे टेकवली, पण मुलीला चिठ्ठी हवी होती म्हणून यजमानांनी स्वतःचे कार्ड खिशातच ठेवले आणि तिच्यासाठी चिठ्ठी घेतली. चालकाच्या डोक्यावर एक फलक असतो, त्यावर प्रत्येक क्रमांकाखाली भाडे दिसते आणि जसजशी बस पुढे जाते तसतसे ते वाढत जाते. मुलगी आपल्या क्रमांकावर नजर ठेवून होती आणि आकडा बदलला की आजीला मोठ्याने वाचून दाखवत होती; शहर मागे पडून डोंगर सुरू झाले तरी दोघींचे लक्ष त्या फलकावरच होते. उतरताना पुढच्या दाराशी भाड्याच्या पेटीत चिठ्ठी आणि नेमके पैसे टाकायचे असतात. सुटे नसतील तर पेटीला जोडलेल्या यंत्रात आधी नोट मोडून घ्यावी लागते, कारण पेटी उरलेले पैसे परत देत नाही. हे आम्हाला उतरण्याच्या क्षणी समजले आणि मागे रांग थांबली. कोणी काही बोलले नाही, पण पुढे जाणाऱ्यांनी नोट आधीच, बस सिग्नलला थांबलेली असताना, मोडून ठेवावी.